फुफ्फुस प्रत्यारोपण 'यशस्वी' झाले, असे कधी म्हणायचे?

"फुफ्फुस प्रत्यारोपण यशस्वी, रुग्ण घरी परतला." अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. सोबत पुष्पगुच्छ, पेढे, डॉक्टरांबरोबरचा फोटो. आनंद खरा असतो, मलाही होतो. पण डिस्चार्जच्या दिवशीच 'यशस्वी' म्हणायला माझा ठाम विरोध आहे.

मूत्रपिंड किंवा यकृत शरीराच्या आत सुरक्षित असते. फुफ्फुसाचे तसे नाही. प्रत्येक श्वासाबरोबर धूळ, धूर, विषाणू, बुरशी थेट त्याच्यापर्यंत पोहोचतात आणि या परक्या अवयवाविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती पुन्हा पुन्हा चाळवली जाते. हळूहळू बारीक श्वासनलिका आतून वण धरून अरुंद होतात, शेवटी बंद पडतात. दीर्घकालीन रिजेक्शनचा हा सर्वांत नेहमीचा प्रकार. पाच वर्षांत सुमारे निम्म्या रुग्णांना दीर्घकालीन रिजेक्शन होते. आंतरराष्ट्रीय नोंदींनुसार साडेसहा वर्षांच्या सुमारास निम्मेच रुग्ण हयात असतात. हृदय प्रत्यारोपणात हाच काळ बारा वर्षांहून अधिक आहे.

"हे आधीच सांगून रुग्णाला कशाला घाबरवायचे?" असे काही डॉक्टर म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. 'आपण बरे झालो' असे समजणारा रुग्णच गोळी चुकवतो, तपासणी पुढे ढकलतो. हा आजार दुखत नाही, सुरुवातीला दमही लागत नाही. धाप लागेपर्यंत बरीच क्षमता गेलेली असते आणि गेलेली क्षमता सहसा परत येत नाही. अझिथ्रोमायसिन, औषधांतील बदल, फोटोफेरेसिस यांनी घसरण फार तर मंदावते किंवा थांबते. पुन्हा प्रत्यारोपण फार थोड्यांनाच शक्य होते.

म्हणून रुग्णाला खरे सांगा आणि त्याच्या हातात काय आहे तेही सांगा. घरच्या स्पायरोमीटरवर रोज फुंकून आकडा वहीत लिहा. तो नेहमीपेक्षा १० टक्क्यांनी घटला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता प्रत्यारोपण केंद्राला फोन करा. २० टक्क्यांची टिकून राहणारी घट ही दीर्घकालीन रिजेक्शनची शंका घेण्याची खूण आहे. मेडिकलमधून परस्पर औषध घेऊ नका: क्लॅरिथ्रोमायसिनने टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी वाढते, तर टीबीच्या रिफॅम्पिसिनने ती धोकादायक इतकी घसरते. सततची आम्लपित्ताची जळजळही अंगावर काढू नका.

प्रत्यारोपण करूच नका, असे मी म्हणत नाही. १९६३ मध्ये अमेरिकेत पहिले फुफ्फुस बसवले तेव्हा रुग्ण १८ दिवस जगला. १९८३ मध्ये टोरंटोतला रुग्ण सहा वर्षांहून अधिक जगला. आज काही जण दहा वर्षांपलीकडे जातात. ज्याच्याकडे काही महिनेच उरलेत त्याच्यासाठी ही वर्षे अनमोल आहेत.

पण सही करण्यापूर्वी रुग्णालयाला एक प्रश्न जरूर विचारा: "पाच वर्षांपूर्वी तुम्ही ज्यांचे प्रत्यारोपण केले, त्यांपैकी आज किती जण हयात आहेत आणि कसा श्वास घेत आहेत?" देणग्या गोळा करतानाही फक्त ऑपरेशनचा खर्च धरू नका. पुढची औषधे आणि तपासण्या जन्मभर लागतात.

ज्यांच्याकडे या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत आहे, 'यशस्वी' हा शब्द त्यांनी खुशाल वापरावा.