गॅस ‘संपत’ नाही, मंडळी!

उन्हाळा लागला की आमच्या जवळा बाजारात दोन वाक्यं हटकून कानावर पडतात. पहिलं, “औंदा ऊन लई हाय.” दुसरं, “एसीतला गॅस संपला, भरून घ्यावा लागतोय.” पहिल्याशी माझं काही भांडण नाही. मराठवाड्यात जन्मलेल्या माणसाने उन्हाशी भांडू नये. दुसऱ्याशी मात्र आहे, आणि ते आज इथे जाहीर मांडणार आहे. नात्यातली जी मंडळी हे वाचतात, त्यातही ज्यांनी गेल्या वर्षी आणि यंदा असा दोन्ही वेळा ‘गॅस भरून’ घेतला, त्यांनी रागावू नये. रागवायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून मग रागवा.

तर मुद्दा असा, की एसीतला गॅस संपत नसतो.

स्वयंपाकाचा सिलिंडर संपतो, कारण तो गॅस जळतो. एसीतला गॅस कशातच खर्च होत नाही. तांब्याच्या नळ्यांच्या बंद वाटेवर तो नुसता फेऱ्या मारत असतो. घरातल्या कॉइलमध्ये उकळतो आणि खोलीतली उष्णता उचलतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या कॉइलमध्ये तो पुन्हा द्रव होऊन ती उष्णता रस्त्यावर टाकतो, आणि परत आत येतो. दहा वर्षं हे चाललं तरी कारखान्यातून निघताना होता तेवढाच गॅस आत असायला हवा. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. मग ती न शोधता वरून गॅस ओतणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं झालं. फुटक्या रांजणाला कुणी “पाणी संपलं” म्हणत नाही, “रांजण फुटला” म्हणतात. एसीच्या बाबतीत मात्र आपण बिनदिक्कत “संपला” म्हणतो आणि तिथेच फसतो.

नात्यातल्याच एका घरी (नाव सांगत नाही, ते हा लेख वाचणार आहेत!) सलग तीन उन्हाळे गॅस भरला गेला. चौथ्या वर्षी आलेल्या पोराने सिलिंडरला हात लावण्याआधी बाहेरच्या युनिटच्या नटांना साबणाचं पाणी लावलं. एका नटापाशी बुडबुडे आले. नळीचं तोंड कापलं, नवं फ्लेअर केलं, विषय संपला. तीन वर्षांचा गॅस त्या एका नटातून गावाच्या हवेत गेला होता.

बरं, एसी थंड करत नाही म्हणजे गॅसच कमी, हेही दरवेळी खरं नसतं. हळद पॉलिशची भुकटी, मळणीयंत्राचा भुसा आणि रस्त्यावरची माती मिळून बाहेरच्या युनिटच्या पत्र्या कशा लिंपून टाकतात, हे ज्यांच्या घरासमोरून ट्रॅक्टर जातात त्यांना सांगायला नको. त्या पत्र्या बुजल्या की उष्णता बाहेर पडत नाही. आतली जाळी तुंबली तरी हवा येत नाही. कपॅसिटर गेला तर कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. यातल्या कशालाच गॅस लागत नाही. उलट अशा यंत्रात आणखी गॅस कोंबला, की आधीच वाढलेला दाब आणखी वाढतो आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य कमी होतं.

मग नीट काम म्हणजे काय? पोटापाण्यासाठी बरीच वर्षं शीतयंत्रांच्या संगतीत काढली आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. आधी उरलेला गॅस हवेत न सोडता यंत्राने वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा. मग नळ्यांत कोरडा नायट्रोजन रेग्युलेटर लावून ठरलेल्या दाबाने भरायचा, सांध्यांना साबणाचं पाणी लावायचं, दाब टिकतो का ते बघायचं. गळती सापडली की ती दुरुस्त करायची. त्यानंतर व्हॅक्यूम पंप लावून हवा आणि ओल बाहेर काढायची. ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते. व्हॅक्यूमचं नीट गेज लावून साधारण ५०० मायक्रॉनपर्यंत खाली जायचं असतं. इतक्या कमी दाबात पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि पंपाबरोबर निघून जातं. ती ओल आत राहिली तर आजच्या यंत्रांत असतं ते तेल पाणी धरतं, पुढे आम्ल तयार होतं, आणि कॉम्प्रेसरची वायंडिंग हळूहळू खलास होते. आणि सगळ्यात शेवटी, यंत्राच्या पाटीवर छापलंय तेवढा गॅस वजन करून भरायचा.

वजन करून! इथे मला आमच्या गावाची आठवण करून द्यावीशी वाटते. नावातच ‘बाजार’ आहे आमच्या. हळदीचं पोतं असो की सोयाबीनचं, मोंढ्यात काट्यावर चढल्याशिवाय ते हलत नाही. किलोभराच्या फरकावरून दोन घरांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. आणि त्याच गावात, किलोचा भाव हळदीपेक्षा कितीतरी चढा असलेला गॅस आपण अंदाजपंचे भरून घेतो! मेकॅनिक गेजचा काटा बघतो, नळीला हात लावतो, “झालं मालक” म्हणतो, आणि आपण पैसे देतो. भर दुपारी बाहेर ४३ अंश असताना गेज जो दाब दाखवतं तो सकाळच्या दाबाहून वेगळाच असतो. नुसत्या त्या काट्यावर विसंबून किती ग्रॅम आत गेला हे कुणालाच सांगता यायचं नाही. दुकानातून उसना आणलेला साधा इलेक्ट्रॉनिक काटासुद्धा त्यापेक्षा प्रामाणिक असतो.

इथपर्यंतचं भांडण पैशाचं होतं. पुढचं जिवाचं आहे.

जुन्या एसीत आर-२२ असायचा. तो सहजी पेटत नसे. त्याच्याशी खेळत दोन पिढ्यांचे मेकॅनिक तयार झाले. त्यांच्या सवयी, म्हणजे गॅस सोडूनच नळीतली हवा हुसकणं, सिगारेट ओढत नट सोडणं, नळ्या रिकाम्या न करताच टॉर्च लावणं, त्या काळातल्या आहेत. (तेव्हाही त्या बिनधोक नव्हत्या. ज्योतीत सापडलेल्या आर-२२ मधून हायड्रोजन फ्लोराइडसारखे वायू आणि थोडा फॉस्जीनही निघतो.) आता दुकानात बहुतेक नवे एसी आर-३२ चे आहेत. हा मंदपणे का होईना, पण पेटणाऱ्या वर्गातला आहे, आणि त्याचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त. बाहेरच्या कॉइलमध्ये ५० अंशांना आर-२२ सुमारे १९ बारवर असतो, तर आर-३२ एकतीसच्या आसपास. जुनी गेजं, जुने पाइप यासाठी बनलेले नाहीत.

त्यापुढचा आर-२९०. हे नाव मोठं भारदस्त आहे, पण तो निव्वळ प्रोपेन. गोदरेजने २०१२ मध्ये भारतात त्याचे एसी आणले. पृथ्वीच्या दृष्टीने तो उत्तम, यंत्रात लागतोही जेमतेम काही शे ग्रॅम. पण हवेत दोन टक्क्यांच्या थोडं वर गेला की ठिणगीला पेटतो. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम वास मिसळलेला असतो. यंत्रात भरायच्या प्रोपेनला तो वास नसतो. हे दोन्ही गॅस हवेपेक्षा जड, म्हणजे गळले की जमिनीलगत साचतात, जिथे पोरगं स्पॅनर घेऊन बसलेलं असतं. म्हणून अशा कामाला दारं-खिडक्या सताड उघड्या हव्यात, जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको, आणि पंप त्या गॅससाठी बनवलेला हवा. जुन्या आर-२२ च्या यंत्रात “स्वस्तात” प्रोपेन किंवा चक्क घरगुती सिलिंडरचा गॅस भरून देणारे महाभाग भेटले, तर त्यांना चहा पाजा आणि रवाना करा. ते यंत्र पेटणाऱ्या गॅससाठी बनलेलंच नाही, आणि पुढच्या वर्षी ते उघडणाऱ्या मेकॅनिकला आत काय आहे ते ठाऊक नसणार.

आणखी दोन गोष्टी प्रत्येक घरधन्याला माहीत असाव्यात. पहिली, गळती शोधायला ऑक्सिजन कधीही वापरू देऊ नका. वेल्डिंगवाल्याकडे तो हाताशी असतो म्हणून वापरतात. कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं, आणि दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला भेटला की स्फोट होतो. दुसरी, एसी एका घरातून काढून दुसरीकडे नेताना सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करतात, त्याला पंपडाउन म्हणतात. त्या वेळी कॉम्प्रेसर चालू असताना नळी मोकळी राहिली तर तो हवा ओढतो, तेलाचा फवारा आणि हवा एकत्र दाबली जाते, आणि डिझेल इंजिनात होतं तेच तिथे होतं. फरक एवढाच, की इंजिनाचं लोखंड त्यासाठी बनलेलं असतं.

बाकी डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे, हे तर अगदी प्राथमिक. उणे ५२ अंशांना उकळणारा आर-३२ डोळ्यात उडाला तर डोळा जातो. सिलिंडर ५२ अंशांच्या वर तापू द्यायचा नसतो. आणि आपली पोरं तो मे महिन्यात मोटारसायकलच्या कॅरिअरला बांधून परभणीपासून आणतात!

आता आभाळाकडे वळू. “आमच्या एका एसीने काय होतंय?” असं विचारणाऱ्यांसाठी हा हिशोब. आर-४१०ए नावाच्या गॅसचा एक किलो हवेत सोडला, तर शंभर वर्षांच्या हिशोबाने त्याची तापवण्याची ताकद सुमारे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी भरते. लिटरला पन्नास किलोमीटर देणारी मोटारसायकल साधारण ४५,००० किलोमीटर पळवल्यासारखंच ते! आर-२२ चं तेच प्रमाण १,८१० आहे आणि तो ओझोनही थोडा खातो. आर-३२ चं ६७५. प्रोपेनचं मात्र नगण्य.

क्लोरीनवाले हे गॅस ओझोन खातात हे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्येच सांगितलं होतं. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र दिसलं, आणि १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये आला. आपल्याकडे २००० साली ओझोनबाबतचे नियम झाले, १ जानेवारी २०२५ पासून नवी यंत्रं बनवताना आर-२२ च्या जातीचे गॅस वापरायला बंदी आली, आणि किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. म्हणजे दिल्लीत, मॉन्ट्रियलमध्ये, किगालीत सगळं ठरलंय. पण हे सगळे करार शेवटी आपल्या गच्चीवर, एका नटापाशी येऊन थांबतात. तिथे पोरगं नट सोडतं, फुस्स आवाज होतो, आणि करार उडून जातो.

अमेरिकेत १९९२ पासून हा गॅस मुद्दाम हवेत सोडणं गुन्हा आहे, आणि तो हाताळायला परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आपल्याकडे भज्यांचा गाडा लावायला अन्न खात्याची नोंदणी लागते, पण पेटणारा गॅस घरात भरायला परवान्याची सक्ती नाही. मार्च २०१९ च्या राष्ट्रीय शीतलीकरण आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण द्यायची गोष्ट होती. चांगली गोष्ट आहे. पण प्रशिक्षित पोराला त्या प्रशिक्षणाचे पैसे कोण देणार?

आणि इथे माझा रोख मेकॅनिकवर नाही, तुमच्या-माझ्यावर आहे. तो पोरगा आयटीआयमध्ये दोन वर्षं शिकून आलेला असतो. व्हॅक्यूम काय असतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण “दीड तास लागेल, नायट्रोजनचे वेगळे पैसे होतील” असं म्हणाला की आपण म्हणतो, “राहू दे, तो दुसरा अर्ध्या तासात करून देतो.” आपण त्याच्या कामाचे पैसे देत नाही, गॅसचे देतो. मग तो गॅसच विकणार! गळती बुजवली तर पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक जातं, न बुजवली तर येतं. धंद्याची ही रीत त्याने नाही लावली, आपण लावली.

“खेड्यात कुठे मिळणार एवढी साधनं?” हा नेहमीचा सवाल. अहो, बोअरची मोटर पाचशे फुटांवरून वर काढायला लागणारी साधनं खेड्यात मिळतात, ठिबकच्या नळीचे बारकावे खेड्यात कळतात. मागणी आली की साधनं येतात. एक व्हॅक्यूम पंप, एक काटा, एक नायट्रोजनचं सिलिंडर. दोन-तीन मेकॅनिकांनी मिळून घेतली तरी उन्हाळाभर पुरतील.

म्हणून यंदा मेकॅनिक आला की “गॅस किती पडेल?” हा प्रश्न विचारू नका. आधी विचारा, जाळी आणि पत्र्या साफ केल्या का? मग विचारा, गळती कुठे आहे ते दाखव. पाटीवर कोणता गॅस आणि किती वजन लिहिलंय ते स्वतः वाचा. व्हॅक्यूम किती वेळ आणि कुठवर केला, काट्यावर किती ग्रॅम भरला, हे बिलावर लिहून मागा. आणि त्या मेहनतीचे पैसे कुरकुर न करता द्या. त्याला बसायला सावली आणि प्यायला पाणीही द्या, कारण ४३ अंशांत तो तुमच्या भिंतीला लटकून काम करतोय.

असो. भांडण मांडून झालं. तुमच्या गावात, शहरात काय रीत आहे? काट्यावर वजन करून गॅस भरणारा मेकॅनिक तुमच्या पाहण्यात असेल तर खाली जरूर लिहा. आणि ज्यांचा एसी यंदाही ‘संपला’ आहे, त्या नातेवाइकांनी आधी वाटीभर साबणाचं पाणी तयार ठेवावं. मेकॅनिकला मी पाठवतो.