रसायनाच्या चष्म्यातून : सरोवरांचे रंग

मंडळी, उन्हाळा आला की सहलींचे बेत सुरू होतात आणि कॅनडात सहल म्हटली की सरोवर आलेच. जगात सर्वांत जास्त सरोवरे याच देशात, तेव्हा निवडीला तोटा नाही. या वेळी आम्ही फक्त त्यांचे रंग पाहणार आहोत.

अल्बर्टातील मोरेन आणि लुईझ यांचा निळा-हिरवा रंग म्हणजे हिमनद्यांच्या जात्याची करामत. त्यांनी दळलेले खडकाचे पीठ पाण्यात तरंगते आणि तो प्रकाश आपल्याकडे परतवते. ब्रिटिश कोलंबियातील क्लिलुक हे सिल्क्स लोकांचे पवित्र सरोवर. उन्हाळ्यात पाणी आटले की मॅग्नेशियम सल्फेटसारखे क्षार उरतात आणि रंगीत ठिपके उमटतात. सस्कॅचेवानचे लिटल मॅनिटू तर इतके खारट, की माणूस सहज तरंगतो. क्वेबेकच्या उत्तर टोकाचे पिंग्वालुइट हे उल्कापाताने झालेले, आपल्या लोणारचे भावंडच. फरक एवढाच, की लोणारचे पाणी खारे आणि अल्कधर्मी, तर याचे कमालीचे निर्मळ.

हे सारे रंग डोळे भरून पाहावेत. भ्यावे ते एकाच रंगाला : पालकाच्या पातळ भाजीसारख्या दाट हिरव्याला!

याचे कारण 1973 साली वायव्य ऑन्टॅरिओत डेव्हिड शिंडलर व सहकाऱ्यांनी दाखवून दिले. सरोवर क्रमांक 226 मध्ये पडदा लावून त्यांनी दोन भाग केले. दोन्हींत कार्बन आणि नायट्रोजन घातले. फॉस्फरस मात्र एकातच. तोच भाग हिरवागार झाला! मॅनिटोबाच्या विनिपेग सरोवरावर असे थर आजही येतात. या नील-हरित शेवाळातून विषही तयार होऊ शकते.

आता महत्त्वाचे. पाणी उकळले की निर्धास्त, ही आपल्या सगळ्यांची घरची शिकवण. उकळण्याने जंतू मरतात. हे विष मात्र टिकून राहते. म्हणून असे पाणी दिसले, तर चहा-भात तर नाहीच, पण मुलांना पाय बुडवायलाही सोडू नका. किनाऱ्यावरची सूचना आधी वाचा. आणि घरच्या हिरवळीला फॉस्फरसचे खत घालण्यापूर्वी ते पावसाबरोबर कोठे जाणार, याचा विचार करा.

सहल सुखाची होवो. पुढील अंकी भेटूच!