धर्म आणि रूढी सोडून

माझं लहानपण रत्नागिरीत गेलं. पाहुणे आले की त्यांना थिबा पॅलेस दाखवायला न्यायचं, हे ठरलेलं असायचं. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये आमच्या गावात आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला, एवढं शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मला मात्र बरीच वर्षं वाटायचं की असा राजा आमच्याकडचा एकटाच. थिबा कोकणात आला तेव्हा मलायातला एक सुलतान हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर नऊ वर्षांपासून कैदेत होता, हे फार उशिरा वाचनात आलं. त्याचं नाव अब्दुल्ला, पेराकचा सुलतान. त्याच्या गोष्टीतलं एक कलम माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेख.

पेराक आजच्या मलेशियातलं एक राज्य आहे. तिथे कथील सापडत होतं आणि कथलाच्या खाणींवरून लारुत भागात चिनी टोळ्यांच्या लढाया चालू होत्या. १८७१ मध्ये सुलतान अली वारला. गादीवर हक्क अब्दुल्लाचा होता, पण तो दफनविधीला गेलाच नाही. सरदारांनी इस्माईल नावाच्या वयस्कर गृहस्थाला गादीवर बसवलं. चिडलेल्या अब्दुल्लाने सिंगापूरच्या गव्हर्नरला पत्र पाठवलं: मला सुलतान माना, आणि राज्य नीट कसं चालवायचं ते दाखवायला तुमचा एक माणूस द्या.

इंग्रज तर अशा पत्राची वाटच पाहत होते. २० जानेवारी १८७४ रोजी पांगकोर बेटाजवळ गव्हर्नर अँड्र्यू क्लार्कने करार करून घेतला. अब्दुल्ला सुलतान झाला. त्याच्या दरबारी एक ब्रिटिश रेसिडेंट आला. 'रेसिडेंट' हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. शेवटच्या पेशव्याच्या पुण्यात एल्फिन्स्टन हाच हुद्दा घेऊन बसला होता. सिंगापूर-पेनांगचा कारभारही १८६७ पर्यंत हिंदुस्थानातूनच चालत होता, तेव्हा ही युक्ती तिकडे कुठून गेली ते वेगळं सांगायला नको.

करारातलं कलम असं होतं: मलाय धर्म आणि रूढी सोडून बाकी सर्व बाबतींत सुलतानाने रेसिडेंटचा सल्ला घ्यावा आणि त्याप्रमाणेच वागावं.

पाळलाच पाहिजे असा सल्ला म्हणजे हुकूमच, हे उघड आहे. त्यावर इतिहासकारांनी भरपूर लिहिलंय. मी अडखळतो तो 'धर्म आणि रूढी सोडून' या शब्दांवर. वरवर पाहिलं तर किती उदार वाटतं! तुमच्या दीनला आम्ही हात लावणार नाही. मशीद तुमची, निकाह तुमचे, काझी तुमचा. करवसुली, खाणी, नदीवरचा जकातीचा नाका, पोलीस, खजिना, एवढंच फक्त आम्ही बघतो.

अब्दुल्लाला याचा अर्थ कळायला वर्षही लागलं नाही. पहिला रेसिडेंट जेम्स बर्च १८७४ च्या अखेरीस आला आणि सगळी वसुली एका तिजोरीत आणायला निघाला. सरदारांचं पोट नदीवरच्या जकातीवर होतं. कर्जापायी गुलाम झालेल्या बायका पळून यायच्या, बर्च त्यांना आसरा द्यायचा. इथे मला थांबावंसं वाटतं, कारण आपल्याकडे ही गोष्ट 'मुसलमान विरुद्ध फिरंगी' अशी सरळसोट सांगायचा मोह होईल. त्या गुलाम बायकांच्या बाजूने पाहिलं तर सरदार काही मजलूम नव्हते. अब्दुल्लाही कुणी नेक राजा नव्हता. सख्ख्या लोकांशी पटेना म्हणून परक्याला घरात घेणारा माणूस होता तो. पण म्हणून बर्चचा हेतू गुलाम सोडवण्याचा होता असंही कुणी समजू नये.

१८७५ मध्ये नवा गव्हर्नर जर्व्हॉइस आला. सही कर, नाहीतर युसूफला सुलतान करतो, अशी धमकी मिळाल्यावर अब्दुल्लाने कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती देणाऱ्या कागदावर सही केली. त्याचे जाहीरनामे लावायला बर्च २ नोव्हेंबर १८७५ रोजी पासिर सालकला गेला, आणि नदीकाठच्या न्हाणीघरात सरदार महाराजा लेलाच्या माणसांनी त्याला भाल्यांनी मारलं. मग हाँगकाँग आणि हिंदुस्थानातून फौज आली. करार झाल्याला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, २० जानेवारी १८७७ ला, महाराजा लेला, दातो सागोर आणि पांडाक इंदुत यांना फाशी दिलं. खटल्यात न्यायाधीश म्हणून दोन मलाय राजपुत्र बसवले होते, युसूफ आणि इद्रिस. पुढे दोघेही सुलतान झाले. अब्दुल्लाला काही सरदारांसह सेशेल्सला धाडलं.

इद्रिस १८८७ पासून १९१६ पर्यंत गादीवर होता. राज्य शांत होतं, रेल्वे आली, कथील वाहून जात राहिलं. १८९६ मध्ये चार राज्यांचा मिळून एक संघ झाला आणि कारभार क्वालालंपूरच्या बड्या साहेबाकडे गेला. १९०३ च्या दरबारात याच आज्ञाधारक इद्रिसने भर सभेत तक्रार केली की एका जहाजावर दोन कप्तान असू शकत नाहीत. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. कुआला कांगसारची सोनेरी घुमटांची उबूदिया मशीद त्यानेच सुरू केली, त्याच्या मृत्यूनंतर १९१७ मध्ये ती पुरी झाली. फार सुंदर इमारत आहे. पण तिच्याकडे पाहताना मला दिसतं ते हेच की कलमाने सुलतानाच्या हाती जेवढं ठेवलं होतं, तेवढं त्याने मनापासून केलं.

सत्ता गेलेल्या माणसाच्या हातात फक्त धर्म उरला की तो धर्माचा पहारेकरी होतो, आणि त्यालाच सत्ता समजू लागतो. हे मी मलायापुरतं म्हणत नाही.

मागच्या निवडणुकीत आमच्या मोहल्ल्यात एक उमेदवार आला होता. मागण्या काय, असं त्याने विचारलं. कब्रस्तानची भिंत, ईदगाहवरचे दिवे, रमजानमध्ये सहरीच्या वेळी पाणी. उमेदवाराने सगळं मान्य केलं, अगदी हसत. मागे उभी असलेली एक बारावीतली मुलगी म्हणाली, कॉलेजला जाणारी सकाळची एसटी बंद झालीय, ती सुरू करा. आमच्याच एका चाचांनी तिला थांबवलं: "बेटा, आत्ता कौमच्या गोष्टी चालल्यात."

कब्रस्तानला भिंत हवीच. पण एसटी कौमची गोष्ट नाही, हे कुणी ठरवलं? आमच्याशी तर कुणी करारही केलेला नाही. सरकार आम्हाला तलाक, हिजाब आणि हज या विषयांवर बोलावतं, टीव्हीवाले त्याच विषयांवर बोलावतात, आणि आमचे मोर्चेही बहुतेक त्याच विषयांवर निघतात. जिल्हा नियोजनाच्या पैशाचं काय झालं, असं विचारत निघालेला आमचा मोर्चा मी अजून पाहिलेला नाही. अब्दुल्लाने निदान धमकी मिळाल्यावर सही केली होती.

त्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. माहे बेटावरून तो अर्ज करत राहिला, मला घरी जाऊ द्या. १८९४ मध्ये सेशेल्स सोडायची परवानगी मिळाली, पण पेराकला नाही, सिंगापूरला. पेराकला परतायला १९२२ उजाडलं, आणि त्याच वर्षी तो वारला. सेशेल्समध्ये तेव्हा लोकांच्या तोंडी असलेली एक फ्रेंच चाल त्याच्या कुटुंबाबरोबर मलायात आली, पेराकचं राज्यगीत तिच्यावर बसवलं गेलं, आणि १९५७ मध्ये तीच चाल स्वतंत्र देशाच्या राष्ट्रगीताला घेतली. क्वालालंपूरच्या बर्च रोडला आता महाराजा लेलाचं नाव आहे.

ती मुलगी अजून रिक्षाने कॉलेजला जाते. एका बाजूचे तीस रुपये.