पाठाचे व्हिडिओ आणि ‘आय सेव्हन’चा मोह

पाठाचे व्हिडिओ घरीच एडिट करणारे शिक्षक आपल्या मीरा-भाईंदरमध्येही आहेत. कॉम्प्युटर घ्यायला निघालं की सल्ला मिळतो, ‘सर, आय सेव्हनच घ्या.’ माझं मत सरळ आहे: नुसत्या ‘सेव्हन’वर पैसे घालू नका, पुढचा आकडा वाचा.

आय सेव्हन ४७७० हा इंटेलचा २०१३ चा, चौथ्या पिढीचा, चार कोअरचा प्रोसेसर. आय फाइव्ह १२४०० हा २०२२ चा, बाराव्या पिढीचा, सहा कोअरचा. शिवाय हल्लीचे बरेच फोन एचईव्हीसी प्रकारात व्हिडिओ साठवतात. तो उलगडायची खास सोय त्या जुन्या चिपमध्ये नाही. सगळा भार कोअरवर पडतो आणि टाइमलाइन अडखळत चालते. विंडोज ११ च्या अधिकृत यादीतही चौथी पिढी नाही. मग सेकंडहँड ‘आय सेव्हन’ स्वस्त मिळाला तर नवल काय!

शेवटचं अक्षरही बघा. १२४०० एफमध्ये ग्राफिक्स नसतं, म्हणून व्हिडिओचं काम हलकं करणारं क्विक सिंकही नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड न घेता हा बसवलात तर मॉनिटरवर काही दिसणारच नाही.

फळा, आवाज, दोन-चार चित्रं, एवढ्या दहा मिनिटांच्या पाठाला आय नाइन कशाला? वाचलेल्या पैशांत १६ जीबी रॅम, एसएसडी आणि हो, बरा माइक घ्या. चित्र थोडं पुसट असलं तर मुलं चालवून घेतात, आवाज नाही.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर जाणार असाल, तर प्रोसेसरचा पूर्ण नंबर कागदावर लिहून न्या. बिलावरही तोच लिहून घ्या.