क्लोरीन हवा, पण गाळलेल्या पाण्यात

पहिल्या पावसानंतर नळाच्या पाण्याला उग्र वास आला की, "औषध जास्त पडले" असे म्हणून घरोघरी हंडा बाजूला ठेवला जातो. हा वास क्लोरीनचा असतो. ज्यांची चिंता करावयाची, ते पदार्थ मात्र नाकाला सहसा कळत नाहीत. १९७४ साली योहानेस रूक या डच शास्त्रज्ञाने रॉटरडॅमच्या पाण्यावरून दाखवून दिले की, कुजलेला पाला, शेवाळ यांसारख्या सेंद्रिय द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग झाल्यास क्लोरोफॉर्म व तत्सम संयुगे निर्माण होतात. असे पाणी दीर्घकाळ पिणाऱ्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाण काहीसे अधिक असल्याचे काही पाहण्यांत आढळले; कार्यकारणभाव मात्र अद्याप निर्विवाद नाही.

म्हणून क्लोरीनच नको म्हणावयाचे काय? अर्थशास्त्राचा विद्यार्थी दोन तोट्यांची तुलना करताना त्यांचा काळ आणि संभव पाहतो. एकीकडे काही दशकांनंतरची अल्प शक्यता आहे. दुसरीकडे पटकी, विषमज्वर, कावीळ हे रोग काही दिवसांत वा आठवड्यांत घर गाठतात. उपपदार्थांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनाही बजावते.

दोष क्लोरीनचा नाही, क्रमाचा आहे. तुरटी, निवळण आणि वाळूची गाळणी आधी. मुख्य क्लोरीन त्यानंतर. गाळणीचा खर्च वाचवून गढूळ पाण्यात टीसीएल पावडर अंदाजाने टाकली, तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतो, जंतू उरतात आणि उपपदार्थही वाढतात. ही काटकसर नव्हे, दुहेरी नुकसान आहे.

२०१२ च्या भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावा आणि क्लोरोफॉर्म ०.२ मिलिग्रॅमहून अधिक नसावा. पहिली गोष्ट ओटी चाचणीच्या थेंबांनी क्षणात कळते. दुसरीसाठी प्रयोगशाळा लागते. उन्हाळ्यात व पावसाळ्यात एकेकदा ही तपासणी करवून तिचे आकडे नगरपरिषदेच्या फलकावर लावावेत, एवढी मागणी अवाजवी नाही. तोवर पाणी उघड्या भांड्यात उकळावे, म्हणजे क्लोरोफॉर्म बराचसा उडून जातो. मग स्वच्छ भांड्यात झाकून ठेवावे.

कंधारला राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग सागराचा वारसा आहे. पाणी साठविण्याची विद्या येथे हजार वर्षांपूर्वी अवगत होती. ते पाणी शुद्ध करण्याचा चोख हिशेब नागरिकांपुढे ठेवणे आजच्या व्यवस्थेस अशक्य का असावे?