विश्लेषण : घरपट्टी थकली म्हणून घरातला टीव्ही उचलून नेता येतो का?

मार्च जवळ आला की ग्रामपंचायतींची वसुली मोहीम जोरात सुरू होते. करमाडसारख्या गावात त्याची चर्चा जास्तच. छत्रपती संभाजीनगरपासून जालना रस्त्यावर सुमारे २० किलोमीटरवर असलेले हे गाव शेंद्रा औद्योगिक पट्ट्याला लागून आहे. पण ते महापालिकेच्या हद्दीत नाही. त्यामुळे इथली घरपट्टी आणि पाणीपट्टी ग्रामपंचायतीची, आणि वसुलीचा कायदाही ग्रामपंचायतीचाच. शहरात राहणाऱ्या नातेवाईकांकडून ऐकलेले ‘महिन्याला दोन टक्के शास्ती’ वगैरे नियम इथे लागू होत नाहीत. मग थकबाकीदाराच्या दारात नेमके कोण येऊ शकते, आणि काय नेऊ शकते?

दारात येतो तो बेलीफ असतो का?

नाही. बेलीफ हा न्यायालयाचा कर्मचारी. तो न्यायालयाचे समन्स बजावतो किंवा हुकूमनाम्याची अंमलबजावणी करतो. घरपट्टीसाठी दारात येतो तो ग्रामपंचायतीचा वसुली कर्मचारी. सोबत ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे कालपर्यंतचे ग्रामसेवक, असू शकतात.

हा फरक नुसता नावाचा नाही. इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्स थकला तर स्थानिक संस्थेला आधी न्यायालयाकडून थकबाकीचा आदेश घ्यावा लागतो, मगच वसुली अधिकारी दारात जातो. आपल्याकडे ग्रामपंचायत कर ठरवते, बिल देते आणि जप्तीही तीच करते. मधे न्यायाधीश नाही. म्हणूनच जप्तीच्या आधी मिळणारे दोन कागद महत्त्वाचे ठरतात.

हे दोन कागद कोणते?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधील कलम १२९ मध्ये वसुलीचा क्रम दिला आहे. पहिला कागद मागणी बिलाचा. त्यात किती रक्कम आणि कोणत्या तारखेपर्यंत भरायची हे लिहिलेले असते. ती तारीख उलटली की दुसरा कागद, मागणी लेख. तो बजावल्यापासून ३० दिवसांत पैसे भरले नाहीत, तरच ग्रामपंचायतीला थकबाकीदाराची जंगम मालमत्ता जप्त करून विकता येते.

समजा, बिलावर शेवटची तारीख ३० जून आहे आणि मागणी लेख १० जुलैला हातात पडला. मग ९ ऑगस्टपर्यंत घरातल्या वस्तूला हात लावता येत नाही. आदल्या दिवशी दवंडी पिटून किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी टाकून दुसऱ्या दिवशी जप्ती, असे कायद्यात कुठेही नाही.

कागद बजावण्याचीही पद्धत आहे. थकबाकीदाराच्या हातात, तो नसेल तर घरातल्या प्रौढ व्यक्तीकडे, आणि तेही शक्य नसेल तर घराच्या दर्शनी भागावर डकवून. त्यामुळे कागद घ्यायला नकार देऊन काही साधत नाही. घेतला तर निदान तारीख कळते. लेख बजावण्याचा आणि जप्तीचा खर्चही थकबाकीतच जोडला जातो, हे सहसा कुणी आधी सांगत नाही.

तर टीव्हीचे उत्तर : हो, नेता येतो, पण दोन कागद आणि ३० दिवस उलटल्यावर. वस्तू नेल्याच, तर त्यांची सही-शिक्क्याची यादी तिथल्या तिथे मागून घ्यावी.

आणि घर, जमीन?

ग्रामपंचायतीच्या हातात जंगम वस्तूंपुरतीच जप्ती आहे. तेवढ्याने वसुली झाली नाही तर ती थकबाकीची यादी महसूल यंत्रणेकडे पाठवू शकते. तिथून ती जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये त्यासाठी नोटिशीपासून स्थावर मालमत्तेच्या जप्तीपर्यंतचे उपाय आहेत, कागदावर अटकही आहे. मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने ज्या वस्तूंना संरक्षण दिले आहे, त्या या मार्गानेही नेता येत नाहीत : अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि बैल.

लोकअदालतीची नोटीस आली म्हणजे कोर्टात केस झाली का?

अलीकडे खेड्यापाड्यांत सर्वाधिक घबराट या नोटिशीने होते. तालुका विधी सेवा समितीचा शिक्का, न्यायालयाचा पत्ता आणि हजर राहण्याची तारीख पाहून वयस्कर माणसांची झोप उडते. प्रत्यक्षात हे ‘दाखलपूर्व’ प्रकरण असते. म्हणजे दावा दाखल झालेलाच नसतो. राष्ट्रीय लोकअदालतीत समोरासमोर बसून तडजोड करावी, एवढेच बोलावणे असते. न गेल्यास वॉरंट निघत नाही.

पण दुर्लक्ष करणेही शहाणपणाचे नाही. लोकअदालतीत हप्ते मागता येतात, बिलातली चूक दाखवता येते. सही करण्यापूर्वी मात्र एक गोष्ट नीट समजून घ्यावी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. तिथे कबूल केलेला हप्ता थकला, तर पुढच्या वेळी दारात येणारा माणूस खरोखरच बेलीफ असू शकतो. झेपेल तेवढ्याच रकमेला हो म्हणावे.

ग्रामपंचायती एवढा रेटा का लावतात?

पाणीपुरवठा योजनेच्या मोटारीचे वीजबिल थकले की महावितरण जोडणी तोडते, आणि मग ज्याने पट्टी भरली त्याच्याही नळाला पाणी येत नाही. स्वउत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीय वस्त्यांवर, १० टक्के महिला-बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. वसुलीच नसेल तर हे टक्के कशाचे काढायचे?

शिवाय दारात उभ्या असलेल्या माणसाचाही प्रश्न आहे. ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनातला शासनाचा हिस्सा वसुलीच्या टक्केवारीशी जोडला गेला. ही अट काढा, अशी कर्मचारी संघटनांची जुनी मागणी आहे. गावाने पट्टी भरली नाही म्हणून शिपायाचा किंवा पाणी सोडणाऱ्याचा पगार अडावा, ही व्यवस्था विचित्रच म्हणायची. वसुलीला येणाऱ्याच्या आवाजातली घाई अनेकदा इथून येते.

‘आधी पट्टी भरा, मग दाखला’ हे चालते का?

सरसकट नाही. ग्रामपंचायतीचे येणे बाकी नसल्याचा दाखला अर्थातच थकबाकीदाराला मिळणार नाही. पण जन्म-मृत्यू नोंदीचा कायदा वेगळा, १९६९ चा. त्यात घरपट्टीची अट नाही. हे दाखले आणि नमुना ८ चा उतारा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येतात. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. नकार मिळाला तर अपील करता येते. तोंडी नकाराविरुद्ध मात्र काहीच करता येत नाही.

थकबाकीचा खरा फटका पुढाऱ्यांना बसू शकतो. रीतसर बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारी व्यक्ती कलम १४ नुसार ग्रामपंचायत सदस्य राहू शकत नाही. उमेदवारी अर्जाच्या आठवड्यात कार्यालयात एकाएकी वसुली का वाढते, याचे कोडे इथे सुटते.

बिलच चुकीचे असेल तर?

करमाड परिसरात घरे झपाट्याने बदलली. पत्र्याच्या जागी स्लॅब आला, कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, भावाभावांत वाटण्या झाल्या. नमुना ८ वर मात्र अनेकदा आजोबांचेच नाव असते. एकाच घराची आकारणी दोनदा होणे किंवा पाडलेल्या खोलीचा कर सुरू राहणे, यात नवल नाही. बिल हातात येताच नमुना ८ चा उतारा काढून बांधकामाचा प्रकार आणि क्षेत्रफळ तपासावे. आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे आणि नंतर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे अपील करता येते. वारसांनी नाव लावून घ्यावे; मात्र नमुना ८ वरचे नाव म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, ती कर आकारणीची नोंद आहे.

जुनी थकबाकी मोठी असेल तर आधी सवलतीची चौकशी करावी. २०२५ च्या अखेरीस मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानात शासनाने निवासी मालमत्तांच्या जुन्या थकबाकीवर ५० टक्के सूट देण्याची मुभा ग्रामपंचायतींना दिली. चालू वर्षाचा पूर्ण कर आणि उरलेली निम्मी थकबाकी एकरकमी भरणे, ही त्यातली अट होती. अशी सूट आपोआप लागू होत नाही, त्यासाठी गावाने ठराव करावा लागतो. तो झाला होता का आणि मुदत शिल्लक आहे का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारता येते.

पैसे रोख दिले तर नमुना १० ची पावती लगेच घ्यावी आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. ‘वहीत लिहून घेतले आहे’ हे उत्तर पुढच्या मार्चमध्ये उपयोगी पडत नाही.