व्रतांच्या मिस्साला गाणी कोणासाठी?

परवा हातखंबा तिठ्यावरून गाडी करून एका सिस्टरच्या अंतिम व्रतांच्या मिस्साला गेलो. चार आवाजांत इंग्रजी गाणी, कॉयर झकास! पण सिस्टरची आई पहिल्या बाकावर गप्प. निदान संतांची लितानी तरी मराठीत घ्यायची ना! लेक वेदीपुढे दंडवत घालून पडलेली असते, तेव्हा उत्तर सगळ्या लोकांनी द्यायचं असतं. तेही कॉयरच गाऊन मोकळं.

म्हणे, मराठी भारदस्त वाटत नाही! अहो, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं. व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला दार उघडलं १९६३ मध्ये.

कॉयरला कम्युनियननंतर एखादं इंग्रजी गाणं खुशाल द्या. बाकीची निवडायच्या आधी त्या आईला विचारा, 'काकी, तुम्हाला कुठली येतात?'